स्मरणिकेत ग्रुपवरच्या लोकांचे मेसेज छापायचेत, कोट कसे करायचे?

बाकावरची:
नमस्कार मंडळी. अडकलेय म्हणून विचारतेय, हसू नका. आमची दहावीची ९५ची बॅच, तालुक्याच्या गावातली साधी शाळा, यंदा मे महिन्यात तीस वर्षांनी सगळे जमलो आणि जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं स्मरणिका काढू, तर मी आपली आमरसाच्या गुंगीत ‘मी बघते’ म्हणून बसले. आता ६४ पानं भरायचीत आणि लेख कोणी देत नाही. तीनदा मुदत वाढवली, सात लेख आले, त्यातल्या दोन कविता आहेत आणि एक तर आमच्या एका मित्राच्या प्लॉटिंगची सरळ जाहिरातच आहे.

पण गेल्या वर्षी आमचे गणिताचे सर गेले तेव्हा चार-पाच दिवस ग्रुपवर लोकांनी जे काय लिहिलंय ना, ते मुद्दाम बसून लिही म्हटलं तर कोणाला जमणार नाही. रात्री दोन वाजता लिहिलेलं, अर्धवट, चुका असलेलं, पण मनातलं. मला तेच घ्यायचंय. चॅट एक्सपोर्ट करून फाइल पण काढून ठेवलीये आणि आता ती उघडून नुसती बघत बसलेय.

एक तर शुद्धलेखन. एकाने ‘आठवन’ लिहिलंय, ‘पानी’ लिहिलंय, तो बोलतो पण तसंच, खरं तर आम्ही सगळेच तसं बोलायचो. ते सुधारायचं का? अर्ध्या लोकांनी मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केलंय, ते तर देवनागरीत आणावंच लागणार, मग ते त्यांचंच वाक्य राहतं का माझं होतं? लांबलचक मेसेज मधे कापला तर तीन टिंबं द्यायचीच का? अवतरण एकेरी की दुहेरी? आणि प्रत्येकाला विचारत बसायचं का, ग्रुप आपलाच आहे म्हणून सोडून द्यायचं? ११२ लोक आहेत हो ग्रुपवर.

निवांत:
ताई किती विचार करताय. अवतरणचिन्हात टाकायचं, खाली नाव टाकायचं, विषय संपला. ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांनी वाचावं म्हणूनच टाकलं ना त्यांनी. आणि शुद्धलेखन सुधारूनच टाका, नाहीतर लोक म्हणतील या शाळेतून दहावी पास झालेले ‘आठवन’ लिहितात, शाळेचीच लाज जायची.

कंपोझिटर_नाना:
निवांतराव, विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. पतपेढ्या, गणेश मंडळं, शाळांची सुवर्णमहोत्सवं, जातपंचायत सोडून सगळ्यांच्या स्मरणिका जुळवल्यात मी, त्यामुळे सांगतो.

इंग्रजी अक्षरांतलं मराठी देवनागरीत आणणं म्हणजे नुसती लिपी बदलणं नाही, दर दोन शब्दांमागे एकदा तुम्ही अंदाज करत असता. एका महिला मंडळाच्या अंकात एका बाईंनी आठवण लिहिलेली, आमच्या मुख्याध्यापिका म्हणायच्या घाबरू नकोस तुझ्याकडे बळ आहे. मेसेजमधे बी-ए-एल. आमच्या पोराने घाईत जुळवलं ‘घाबरू नकोस, तुझ्याकडे बाळ आहे’, प्रूफ वाचणाऱ्या बाईंना ते गोड वाटलं असावं, ८०० प्रती गेल्या. तसंच काल, काळ आणि कळ. वेळ आणि वेल. पण आणि पान. धडा आणि धाडा. म्हणून देवनागरीत आणलेलं प्रत्येक वाक्य ज्याचं त्याला परत पाठवून ‘हेच ना?’ विचारायचं. आठ दिवस जातात पण झोप लागते.

दुसरं, प्रेसवाल्याला आधी विचार युनिकोडमधे काम करतो का जुन्या फॉन्टमधे. अजून खूप ठिकाणी जुनेच फॉन्ट चालतात, त्यात मजकूर कन्व्हर्ट करताना सगळ्यात आधी काय मरतं तर हीच अवतरणचिन्हं, कारण त्या फॉन्टमधे त्या जागेवर भलतंच अक्षर बसवलेलं असतं. वाक्य उघडतं पण बंद होत नाही, मग वाचणाऱ्याला कळत नाही मित्राचं बोलणं कुठे संपलं आणि संपादकाचं कुठे सुरू झालं. ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’ मधला र्‍य पण बघून घे. इमोजी छपाईत येत नाहीत, चौकोन येतात. हात जोडलेले असतील तर सोडून दे पण कोणी रडत रडत हसणारा चेहरा टाकला असेल तर तो काढल्यावर वाक्याचा सूर बदलतो, ते वाक्य जरा जपून घे.

आणि एक, मेसेज कशाला उत्तर म्हणून आलाय ते बघ. व्हॉट्सॅपवर वरच्या मेसेजचा तुकडा चौकटीत दिसतो म्हणून आपल्याला संदर्भ लागतो, पण एक्सपोर्टच्या फाइलमधे ती चौकट येत नाही. तिथे नुसतं ‘अगदी अगदी, मला पण तोच अनुभव’ एवढंच उरतं. कशाचा अनुभव? सरांच्या मायेचा की छडीचा? दोन मेसेज मागे प्लॉटिंगवाला बोलत असला तर?

खडूवाल्या_बाई:
अगं बाकावरची, ३१ वर्षं मराठी शिकवलं म्हणून जरा आगाऊपणा करते.

शाळेत शिकवतो ते असं की बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे दिले तर दुहेरी, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा किंवा दुसऱ्याचं मत आपल्या शब्दांत सांगायचं तर एकेरी. हल्ली पुष्कळ प्रकाशक सगळीकडे एकेरीच वापरतात, तेही चालतं, फक्त ६४ पानांत एकच पद्धत ठेव आणि कोटाच्या आत कोट आला की उलटं चिन्ह घे. सरांचं वाक्य तुझ्या मित्राच्या मेसेजमधे येणारच, म्हणजे आत कोट येणारच.

बाकी मराठीला ही चिन्हं मुळातली नाहीत. मेजर थॉमस कँडींनी १८५०च्या सुमाराला विरामचिन्हांवर पुस्तिका काढली तिथून ती आपल्याकडे रुळत गेली. त्याआधी काय चिन्हांवाचून कोणी कोणाचं बोलणं सांगत नव्हतं का? ‘म्हणे’, ‘म्हणोनि’, ‘ऐसें’, ‘इति’ यांवर सगळं चालायचं. संतांनी तर आपलं नाव अभंगातच विणून ठेवलं, ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, म्हणजे कोणी कुठेही उतरवून घेतलं तरी नाव सोबत जाणार. (आणि तरीही लोकांनी स्वतःचे अभंग रचून शेवटी ‘तुका म्हणे’ घातलंच. फॉरवर्डची खोड जुनी आहे.)

पण चिन्हं का लागतात ते एका वाक्यात सांगते. ‘सर म्हणाले मी गाढव आहे.’ सांग, गाढव कोण? आपल्या भाषेत दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा ‘मी’ तसाच ठेवायची सवय आहे, ‘तो म्हणाला मी येतो’ म्हणजे तो येणार. मग सरांनी पोराला गाढव म्हटलं की स्वतःला, हे बोलताना आवाजावरून कळतं, छापल्यावर नाही कळत. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि पोरं आनंदाने ‘सर गाढव’ ओरडायची, तेवढा एक तास कोणी झोपायचं नाही.

तसंच ‘म्हणे’ कुठे घालतेस ते बघ. ‘सरांनी त्याची फी भरली’ आणि ‘सरांनी म्हणे त्याची फी भरली’ यात तू दुसऱ्यांदा नकळत शंका घेतलीस.

शुद्धलेखनाचं. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत चक्क उताऱ्यांबद्दल नियम आहे, केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मूळ आहे तसं छापावं, त्यानंतरचं सध्याच्या नियमांप्रमाणे. म्हणजे नियम धरून बसलीस तर तुझ्या मित्राचा मेसेज चिपळूणकरांच्या नंतरचा, तेव्हा सुधारायला मोकळी. पण त्याच नियमांत पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. माझं मत विचारशील तर बोटाची चूक सुधार, जिभेची ठेव. ‘आठआवण’ झालं असेल तर ते बोट घसरलं. ‘आठवन’ हे त्याचं बोलणं आहे, चूक नाही.

निवांत:
बाई नमस्कार. सर गाढव वाला तास आम्हाला पण हवा होता. पण मला सांगा, चार ओळींचा मेसेज असेल तर ठीक, एकेकाने निबंध लिहिलेले असतात, कापायचं नाही तर काय करायचं. कापलं तर टिंब टिंब टिंब करून ते पान मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. मी तर म्हणतो चांगलं वाक्य उचला बाकीचं सोडा.

पाचवा_बाक:
निवांतभाऊ, चांगलं वाक्य उचलण्याचीच गोष्ट सांगतो, माझ्यावर बेतलेली. आमच्या शाळेच्या अंकाला (शाळेचं नाव राहू दे) मी एका सरांबद्दल लिहून पाठवलेलं. माझं वाक्य साधारण असं होतं की सरांनी मला इतकं मारलं की मी गणितात पास झालो असं घरचे आजही कौतुकाने सांगतात, मला स्वतःला ते पटत नाही, मी पास झालो ते शेजारच्या अक्काने उन्हाळाभर शिकवलं म्हणून. अंकात काय छापून आलं तर ठळक अक्षरांत चौकट करून, “सरांनी मला इतकं मारलं की मी गणितात पास झालो.” खाली माझं नाव आणि फोटो. टिंबं नाहीत, काही नाही. माझेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि मी म्हणालो त्याच्या बरोब्बर उलट. अक्का तेव्हा होती. तिने वाचलं, बोलली काही नाही, एवढंच म्हणाली फोटो बरा आलाय.

म्हणून टिंबं द्या, मुंग्या फिरू देत. आणि कापून झालं की उरलेलं वाक्य पूर्ण मेसेजशेजारी ठेवून वाचा, हा माणूस हेच म्हणत होता का. ‘पण’, ‘असं लोक म्हणतात’, ‘मला वाटतं’ ही लुडबुडी वाटतात आणि आधी उडतात, आणि सगळा अर्थ नेमका त्यांच्यातच बसलेला असतो.

अजून एक, बाई रागावू नका, ‘आठवन’ ठेवायचं तर सगळ्यांचं ठेवा. मी कायम बघतो, गावात राहिलेल्या पोराचं ‘पानी’ ठेवतात मातीचा वास म्हणून आणि पुण्यात डॉक्टर झालेल्याची ऱ्हस्व-दीर्घाची बारा चुका असलेली पोस्ट गुपचूप इस्त्री करून छापतात. अंक हातात घेतला की असं दिसतं की अर्धी बॅच शिकली आणि अर्धी शेतात गेली, आणि खरं तर डॉक्टरच जास्त चुकतो.

खडूवाल्या_बाई:
रागावत नाही रे, बरोबर बोललास. हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

उलटतपासणी:
आता कायद्याचं, थोडक्यात, कारण सविस्तर सांगायचे मी पैसे घेतो.

ग्रुपवर टाकलं म्हणजे सार्वजनिक झालं, वाटेल तिथे छापा, असं नाही. मेसेज ज्याने लिहिला त्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, ग्रुपचा नाही, अॅडमिनचा तर नाहीच नाही. कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यातल्या कलम ५२ मधे खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी रास्त वापराची सवलत आहे, पण स्मरणिकेत लोकांचे अख्खे मेसेज ओळीने छापणं त्यात बसवायला बरीच ओढाताण करावी लागेल. कशाला ती? एक मेसेज टाका, ‘तुझा हा मजकूर असा छापतोय, चालेल का’, त्याचं ‘हो’ आलं की स्क्रीनशॉट ठेवा, झालं. ११२ जणांना नाही विचारायचंय हो, ज्यांचं छापताय तेवढ्यांना.

पाचव्या बाकाच्या गोष्टीला कायद्यात पण जागा आहे. कलम ५७, लेखकाचं नाव लावून घ्यायचा हक्क आणि त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर अडवायचा हक्क. कॉपीराइट विकून टाकला तरी हा हक्क सुटत नाही.

आणि सरांबद्दल लिहिताना कोणी दुसऱ्या एखाद्या जिवंत शिक्षकाबद्दल काही घाण लिहिलं असेल तर ‘हे तो म्हणाला, आम्ही फक्त कोट केलं’ हा बचाव होत नाही. अवतरणचिन्हं म्हणजे चिलखत नाही. छापणारा पण बदनामीत येतो.

मेसेज शक्यतो ज्याने लिहिला त्याच्या फोनवरून खात्री करून घ्या, दुसऱ्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून नको. नाना म्हणाले ती उत्तराची चौकट, त्यातला मजकूर आणि नावसुद्धा बदलून दाखवता येतं हे चेक पॉइंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मधे करून दाखवलं होतं. तुमच्या बॅचमधे एवढा उद्योग कोणी करणार नाही, पण फोटो कापून अर्धा मेसेज पाठवणारे प्रत्येक बॅचमधे असतात.

शेवटचं, कविता. शोकाच्या आठवड्यात हमखास कोणीतरी कुसुमाग्रजांच्या किंवा पुलंच्या नावाने काहीतरी फॉरवर्ड केलेलं असणार. आधी ते त्यांचं आहे का बघा, बऱ्याचदा नसतं. असलंच तर कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, कुसुमाग्रज १९९९ मधे गेले म्हणजे २०५९ अखेरपर्यंत, पुलं २००० मधे, म्हणजे २०६०. बहिणाबाई घ्यायच्या तर मोकळेपणाने घ्या, त्या १९५१ला गेल्या, गाणी पुस्तकात आली १९५२ला, मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षं तिथून मोजतात, मुदत २०१२लाच संपली.

निवांत:
वकीलसाहेब म्हणजे मी ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकतो त्याचा कॉपीराइट माझा?

उलटतपासणी:
ते तुम्ही लिहिता का फॉरवर्ड करता ते आधी सांगा. साक्षीदार गप्प बसले अशी नोंद घ्यावी.

कंपोझिटर_नाना:
😄 हे इमोजी छापायला पाठवू नका कोणी.

बाकावरची:
मंडळी, दहा दिवसांनी येतेय, माफ करा, पण काम करूनच आले. २३ मेसेज निवडले. २३ जणांना वेगवेगळा मेसेज केला, सोबत त्यांचा मूळ मजकूर आणि खाली मी कापून-देवनागरीत आणून केलेला. नानांचा अंदाज खरा ठरला, चार ठिकाणी मी चुकीचं वाचलेलं, त्यात एका ठिकाणी तर ‘सरांची कळ अजून हातात आहे’ च्या जागी मी ‘सरांचा काळ अजून हातात आहे’ असं काव्यात्म करून ठेवलेलं. छडीची कळ होती हो ती.

१८ जणांनी लगेच हो म्हटलं. त्यातल्याच एकीने फक्त आडनाव नको म्हटलं. एकाने नाही म्हटलं, म्हणाला त्या रात्री लिहून गेलो, बायकोला पण माहीत नाही मी शाळा सोडून पळालेलो ते. काढलं. दोघांनी ‘थांब जरा नीट लिहून देतो’ म्हणून मूळपेक्षा तिप्पट आणि एकदम भाषणासारखं करून पाठवलं, ‘ज्ञानाचा अखंड वाहता झरा’ वगैरे, आता त्यांना कसं सांगू की रात्री दोनचंच चांगलं होतं. एकाला सांगून बघितलं, कबूल झाला, दुसरा झऱ्यावर ठाम आहे. झरा छापते, काय करू, वाक्य त्याचं आहे.

आणि डॉक्टर. पाचव्या बाकाचं वाचून मी सगळ्यांचं जसंच्या तसं ठेवायचं ठरवलेलं, डॉक्टरांच्या चुका पण ठेवल्या आणि त्यांना पाठवलं. त्यांनी दोन तासांत सगळं सुधारून परत पाठवलं, त्यात नव्या तीन चुका.

राहिला ‘आठवन’वाला. त्याला फोनच केला, म्हटलं तुझं तसंच ठेवणार आहे, तू बोलतोस तसं, मला ते फार आवडतं, कोणी हसणार नाही. जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला नको गं, शुद्ध कर, घरी पोरगी वाचल, ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करती, तिच्यासमोर चूक नको. मी म्हटलं अरे ती चूक नाही, आमच्या इथे मराठीच्या बाई आहेत त्या पण तेच म्हणाल्या. तर म्हणाला बाईला सांग तुमचं बरोबर हाय, पण नाव माझं येणार हाय ना खाली.

आता काय करू?

पाचवा_बाक:
शुद्ध करा. मी गप्प.

खडूवाल्या_बाई:
कर शुद्ध. ‘आठवण’, णबाणाचा ण. आणि तो जे शेवटी म्हणाला ना, ‘बाईला सांग’, ते मिळालं मला, असं कळव त्याला.

कंपोझिटर_नाना:
मजकूर पक्का झाला असेल तर पानं बुधवारपर्यंत पाठव, दिवाळीच्या आधी प्रेस मोकळी नसते. कापलं तिथे टिंबं तीनच दे, लोक चार-चार पाच-पाच देतात. आणि त्या प्लॉटिंगवाल्याकडून जाहिरातीचे पैसे घेतलेस का?

बाकावरची:
घेतले. मागचं पान, रंगीत.